काडीची बाई आणि सतरा नंबरची मागणी

थोरल्या वन्सं यांस,

तुमच्या वहिनीचा वाकून नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? माझा गुडघा ठणठणीत, काळजी नको. पण परवा ऑफिसात जे पाहिलं त्यानं माझी बोबडीच वळली.

आम्हा झाडलोटवाल्या बायकांची कामं आता कॉम्प्युटर वाटून देणार. त्याचा नकाशा काढणारा एक चष्मेवाला आहे (माणूस हुशार, पण चहाचा कप टेबलाखाली ठेवतो). त्यानं विचारलं, मावशी, तुम्हाला काय हवं? मी म्हटलं, बाई आजारी पडली तर तेवढ्यापुरती बदली मिळावी, आणि जागा तिचीच राहावी. (गेल्या वर्षी आमच्यातली एक तापानं आठ दिवस घरी राहिली. परत आली तर तिच्या बादलीवर दुसरीचं नाव.) त्यानं ती मागणी सतरा नंबरला लिहिली.

परवा फरशी पुसताना बघते तर सतरा नंबर लालभडक! पडद्यावर डावीकडे मागण्यांच्या चौकटी, उजवीकडे एकेका कामाचं नाव घातलेला लांबट गोल, म्हणजे अंडंच, आणि अंड्यांशेजारी काड्यांची माणसं. त्यातली एक काडी म्हणजे मी! ना अंगावर कपडा, ना पायात चप्पल. हे पचवते तोवर चष्मेवाला म्हणतो, "मावशी, प्रत्येक मागणीची रेघ कुठल्या तरी कामाला जोडावी लागते. तुमचीला काम जुळत नाही. बिनरेघेची मागणी आजच्या मीटिंगमध्ये उडणार." उडणार! आजारी पडणं हे काम नाही म्हणे! एवढं बोलून गेला चहाला.

मी बसले त्याच्या खुर्चीत. रेघ ओढताना त्याला रोज बघते, त्यात काय मोठंसं? सतरा नंबर माझ्या 'झाडलोट'च्या अंड्याला जोडला. मग वाटलं, बाकीच्यांचं तरी झाडलोटीवाचून कुठं चालतंय? साहेबांना अहवाल हवा, तो काय केराच्या ढिगात बसून वाचणार? त्याची जुनी रेघ पुसून इकडे ओढली. अशा सगळ्या एकेचाळीस मागण्या जोडल्या.

मीटिंगमध्ये पडदा लावला तर सगळ्या रेघा एकाच अंड्यात, भिंतभर खराटाच उभा! चष्मेवाला पांढराफटक. मीटिंग घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हे झाडलोटीचं काम काढलं तर?" त्यानं काढलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस मागण्या लाल.

"कुणी केलं हे?" मॅडमनी विचारलं.

"मी केलं," मी दारातून म्हटलं. "यात खोटं काय ते दाखवा."

कुणाला दाखवता येईना, वन्सं! शेवटी माझ्या सगळ्या रेघा पुसून जुन्या परत ओढल्या, पण सतरा नंबरसाठी नवं अंडं काढलं: 'बदली बाई बोलावणे'. मी अजून धक्क्यातच आहे.

तुमची,
वहिनी

ता. क. आधी एकदा खरी बदली बाई आणून हे चालतं का ते बघणार आहेत. मी तुमचं नाव दिलं. तुम्ही आला नाहीत तर सतरा नंबर पुन्हा लाल, आणि माझी बादली दुसरीची.

दुसरा ता. क. गुडघ्याचं वर लिहिलं ते खोटं. सोमवारी ऑपरेशन आहे, रविवारी या. पाठीचं कारण मात्र सांगू नका. तुमचीही काडी काढून झाली आहे, आणि पडद्यावर तुमची पाठ अगदी सरळ आहे.