कॅमेऱ्याविरुद्ध मी

४ मार्च
दंडाची नोटीस! बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी दिलेली जुनी गाडी अठरा वर्षं चालवली, एक दंड नाही. जानेवारीत ती विकून नवी घेतली आणि लगेच हा डाग.

जागा : डोळ्यांच्या हॉस्पिटलचं तळघरातलं पार्किंग. माणूस एकही नाही, सगळा कारभार कॅमेऱ्याचा. पेशंट घेऊन येणाऱ्यांना फुकट, फक्त रिसेप्शनजवळच्या स्क्रीनवर गाडीचा नंबर टाकायचा. मी टाकला होता. कागद न बघता, तोंडपाठ. पार्किंग चालवणारी कंपनी म्हणते, टाकलाच नाही.

बायको म्हणाली, आधी भरून टाका, मग हवी तेवढी तक्रार करा. मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे. ती भाजी चिरायला गेली.

संकल्प : अपिलाची मुदत चौदा दिवस. आजच लिहिणार.

५ मार्च
काल लिहिलं नाही. आधी मुद्दे मनात मुरायला हवेत.

९ मार्च
बाबांची तपासणी. एक डोळा आधीच कामातून गेलेला. उरलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणाले, २६ तारखेला ऑपरेशन, सकाळी साडेसातला हजर राहा. चुकली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि तोवर डोळ्याचं काय होईल ते सांगता येणार नाही. हिचा चेहरा उतरला. बाबा मात्र रुमालाने चष्मा पुसत बसले होते.

निघताना ही म्हणाली, नंबर मी टाकू का? मी नुसतं पाहिलं तिच्याकडे. माणसाचा काही मान असतो की नाही?

१२ मार्च
दुसरी नोटीस. मशीन धडधडीत खोटं बोलतंय! तीन दंड थकले तर गाडीला प्रवेश बंद, असं तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात.

अपिलाचा मसुदा : अकरा पानं. 'ग्राहक हा राजा आहे' इथून सुरुवात. छान जमलंय.

१४ मार्च
बाबांची रक्त तपासणी. नंबर दोनदा टाकला, मोठ्याने म्हणत. रांगेतली माणसं बघत होती. बघू देत. साक्षीदार झाले.

१८ मार्च
तिसरी नोटीस.

हेल्पलाइनवर रेकॉर्ड केलेली बाई. तिचं नाव मी गोडबोली ठेवलंय. चाळीस मिनिटं तिला ग्राहकाचे हक्क समजावले. ती म्हणाली, पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा.

ईमेल ठोकला : स्क्रीनवर कोणत्या दिवशी काय टाकलं गेलं, त्याची नोंद लेखी पाठवा. आता यांचं पितळ उघडं पडणार.

पहिल्या अपिलाची मुदत आज संपली. मसुदा एकोणीस पानांवर गेलाय, शुद्धलेखन तपासायचं बाकी. मुदत घालणं हेच मुळात ग्राहकविरोधी आहे.

२५ मार्च
ही म्हणाली, उद्या टॅक्सीने जाऊ, नाहीतर आत्ता दंड भरा. बाबांच्या डोळ्याचा प्रश्न आहे, तुमच्या हट्टाचा नाही. मी शब्द दिला : वाद चालू असताना ते गाडी अडवूच शकत नाहीत. बॅरियर उघडणार म्हणजे उघडणार.

२६ मार्च, सकाळी ७.१९
बॅरियर उघडत नाही.

७.२४
मागे चार गाड्या. हॉर्न. ही म्हणते, मागच्यांना हात करा आणि रिव्हर्स घ्या. रिव्हर्स म्हणजे गुन्ह्याची कबुली. बटण दाबलं तर आतून पुन्हा गोडबोली. तिला सात मुद्दे ऐकवले.

७.२८
ही बाबांना उतरवून घेऊन गेली. उतारावरून वर, पायी. बाबा एका हाताने भिंत चाचपडत होते. तिने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दुपारी १२.१०
शेवटी रिव्हर्स घ्यावाच लागला, गाडी बाहेर रस्त्यावर लावून आलो. त्यांना पोचायला अकरा मिनिटं उशीर झाला. नाव यादीतून कापलं होतं. हिने नर्सच्या हातापाया पडून सगळ्यात शेवटी घालून घेतलं. बाबांना आत नेऊन तास झाला. ही बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आहे. मला भीती वाटतेय. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

२७ मार्च
पट्टी काढली. दिसतंय!

डॉक्टर म्हणाले, काहीतरी वाचून दाखवा. माझ्या खिशात कंपनीचं उत्तर होतं. सकाळीच आलेलं, प्रिंट काढून घडी घातलेलं. मुद्दाम वाचलं नव्हतं. वकिलासमोरच उघडायचं ठरवलं होतं. पण म्हटलं, यापेक्षा चांगली वेळ कुठली? बाबा, हेच वाचा, मोठ्याने.

बाबांनी वाचलं. तीन तारखा. प्रत्येक तारखेला स्क्रीनवर टाकलेला गाडीचा नंबर. सावकाश, एकेक आकडा. तिन्ही वेळा एकच नंबर, आणि १४ तारखेला तो दोनदा.

मग ते थांबले, कागद जवळ धरला आणि हसायला लागले. म्हणाले, ही तर माझी गाडी!

त्यांचीच. जानेवारीत विकलेली.

डॉक्टरांना कौतुकाने सांगत राहिले, गाडी गेली तरी जावईबापूंना तिचा नंबर अजून पाठ आहे बघा. डॉक्टर हसले. ही हसली नाही.

मसुदा एकोणीस पानांचा होता. पाठकोरे कागद म्हणून चालतील.

तिन्ही दंड भरायला रिसेप्शनजवळच्या मशीनपुढे उभा राहिलो. मशीनने गाडीचा नंबर विचारला. हिने मला बाजूला सरकवलं आणि स्वतः टाकला.