आईनं विणलेला पट्टा

आई, मान वाकवलीय, दुरूनच डोक्यावर हात ठेव.

ऑपरेशननंतर मी बरी आहे, जेवतेही. पोटाला लावलेली शौचाची पिशवी मात्र सारखी गळायची. नर्स ऑबदुलियाबाई परवा वैतागल्या, "अगं, वरून पट्टा आवळतेस, मग आतलं खाली उतरणार कसं? कडेनं गळणारच."

पोट घट्ट बांधलं की आतडी जागेवर राहतात, असं तूच सांगायचीस ना? तू विणलेला पट्टा आता उशाशी ठेवलाय. गळणं थांबलंय.

पट्ट्याशिवाय आपलं गुंडाळायचं नेसण कमरेवर टिकत नाही. म्हणून इथल्या शहरी बायकांसारखा झगा घालूनच गावी येईन.

तुझे डोळे कसे आहेत? बसमधून कुणी झगेवाली उतरली, तर परकी समजून दार लावू नकोस. मीच असेन.

तुझी खासिंता