प्रभूनं न मागितलेल्या बांगड्या

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि आता ऐकायलाही तू नाहीस, तरी लिहितेय. जन्मभर शाळेत पोरींना पत्रलेखन शिकवलं आणि स्वतःच्या आईला चार ओळी लिहायला मला सत्तरी गाठावी लागली.

येडशीची रेल्वेची ती एक खोली. बाबा छोट्या लाईनीवर गँगमन होते, तापानं आठ दिवसांत गेले. धाराशिवहून पाळक आले, प्रार्थना झाली, माती दिली. तिसऱ्या दिवशी परंड्याहून काका-काकू आले. ते आपल्यासारखे ख्रिस्ती झालेले नव्हते, पण माणसं वाईट नव्हती. खोली महिनाअखेर सोडायची होती हे त्यांना ठाऊक होतं. काका म्हणाले, "वैनी, परंड्याला चला. पोरीचं बी हुईल तितं. पर आदी बांगड्या फोडा. भरल्या हातानं तुमाला घरात घेतलं तर गाव आमाला वाळीत टाकंल." काकू तर दारात दगड घेऊनच बसली होती.

तू आत चुलीपुढं जाऊन बसलीस. मी मागोमाग आले. लोक तुला लई धीराची म्हणायचे, पण तू तिथं काय म्हणालीस ते मी ऐकलंय. "देवबापा, मला लई भ्या वाटतंय." एवढीच तुझी प्रार्थना. मग पदरानं तोंड पुसून तू उठतेस, बाहेर येतेस आणि म्हणतेस, "भावजी, प्रभूनं माझं माणूस नेलं. बांगड्या मागितल्या न्हाईत. ह्या त्येंनी भरल्यात, त्या ऱ्हातील." काका विचारतात, "मग पोरीला घिऊन जाणार कुठं?" "मला ठावं न्हाय. त्याला ठावं हाय."

ते गेल्यावर मी तुझ्याशी कचाकचा भांडले. मला परंड्याला जायचं होतं, तिथं दोन म्हशी होत्या, दूध होतं. "काचच तर हाय, फोडायची व्हतीस," असं मी म्हणाले. तू हात उगारला नाहीस. भाकरी थापता थापता म्हणालीस, "आज बांगड्या दिल्या, तर उद्या प्रभूला सोड म्हंतील. मग माझ्याजवळ काय ऱ्हातं?" मला तेव्हा ते पटलं नाही, रागानं जेवलेही नाही.

पुढं दोन महिने आपण दुसऱ्याच्या पडवीत राहिलो आणि तू सडकेवर खडी फोडलीस. सोबतच्या बायका कुजबुजायच्या, "नवरा गेला तरी नटती बया." खडी फोडताना बांगडी फुटली की तू बाजारात कासारापुढं हात धरायचीस. तो आढेवेढे घ्यायचा, तू हलायची नाहीस, शेवटी भरायचा. मी लाजेनं लांब उभी राहायचे. मग धाराशिवच्या मुलींच्या बोर्डिंगात तुला स्वयंपाकाचं काम मिळालं, मी तिथंच शिकले, मास्तरीण झाले. ते सगळं तुझ्या त्या हातांवर.

आता खरं सांगते, म्हणूनच हा कागद कुणाला दाखवणार नाही. गेल्या वर्षी हे गेले. कुणी दगड आणला नाही, कुणी शब्दानं बोललं नाही. तरी माणसं जमायच्या आत मी मोरीत जाऊन बांगड्या उतरवल्या. पाळकबाई आल्या, माझे रिकामे हात बघून म्हणाल्या, आधी प्रार्थना करू. मी नको म्हटलं. माय, प्रार्थना केली असती, तर बांगड्या परत घालाव्या लागल्या असत्या.