शाळेतली तिसरी पिढी

प्रिय चिऊ,

तू आमच्या शाळेत नोकरीसाठी अर्ज केलास, हे मला शिपाईमामांकडून कळलं. त्या दिवशी सकाळी फाटकातच त्यांनी गाठलं, "बाई, तिसरी पिढी येतेय म्हणे! तोंड गोड करा आता!" मी स्टाफरूमपर्यंत पोचले तर बातमी माझ्याआधीच तिथे जाऊन बसलेली. चित्रकलेच्या बाईंनी मिठी मारली. पीटीचे सर तर तुझ्यासाठी स्वतःचं कपाट रिकामं करायला निघाले. मी हसत राहिले. मला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून तू बोलली नसशील, हे कळतं गं मला.

तुझ्या आजोबांनी इथे शिकवायला सुरुवात केली तेव्हा शाळा कापसाच्या गोदामात भरायची. मध्ये भिंती नव्हत्या, त्यामुळे एका वर्गाचा इतिहास दुसऱ्या वर्गाच्या गणितात ऐकू यायचा. "म्हणून आमची पोरं दोन्हीत पास व्हायची," असं ते सांगायचे. पुढे सरकारने इमारत दिली, मग वर मजला चढला, मग मागे एक बाजू जोडली, मग आणखी एक. कुणी कधी आराखडा केला नाही. आता अडीच हजार मुलं दोन पाळ्यांत शिकतात आणि स्टाफरूमच्या खिडकीतून दिसतात त्या फक्त दुसऱ्या वर्गांच्या खिडक्या. नवी मुलं जिने चुकतात, फिरून फिरून त्याच कोपऱ्यावर येतात. मी त्यांना वाट दाखवते. पण कधीकधी हातात खडू घेऊन नववी 'ड'कडे निघते आणि त्याच कोपऱ्यावर मीही थबकते. मला वाट माहीत असते. पाऊलच उचलत नाही.

मी इथे तीन महिन्यांसाठी आले होते, हे तुला ठाऊक आहे का? बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी. त्याच वर्षी मला हवामान खात्यात नोकरी लागली होती, डोंगरावरच्या वेधशाळेत. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "दहावीच्या मुलांना असं वाऱ्यावर सोडून जाणार?" मला तर वाऱ्याचाच अभ्यास करायचा होता! पण तेवढं बोलायला तोंड उघडलं नाही. परीक्षा होईपर्यंत थांबते म्हटलं. मग त्या बाई परतल्याच नाहीत आणि मग सुतारकाम शिकवायला तुझे बाबा आले. बाबांमुळे थांबले याचं मला कधीच वाईट वाटलं नाही, हे मात्र नीट लक्षात ठेव. आमच्या लग्नाचं अभिनंदन शाळेच्या सभागृहात झालं, बाबांची शोकसभाही तिथेच झाली. माइक तोच, खरखरही तीच.

बाहेर पडावं तर गावभर शाळाच पसरलेली. दाढ काढणारा डॉक्टर माझा विद्यार्थी. माझं तोंड सुन्न करून त्याने सगळी सूत्रं धडाधड म्हणून दाखवली आणि एक चुकला, तर मला सांगताही येईना! औषधवाल्या पोरीने झोपेच्या गोळ्या देताना काळजीने विचारलं, "बाई, बरं नाही का?" संध्याकाळपर्यंत चार घरांतून फोन. माणसं मायेची आहेत गं. मायेच्या माणसांवर ओरडता येत नाही, तीच तर पंचाईत.

या वर्षी मी निवृत्त होणार होते. मुख्याध्यापकांनी दोन वर्षं वाढवून घेतली. हाही माझाच विद्यार्थी, वर्गातली मुलं त्याला 'बटाट्या' म्हणायची. "बाई, तुमच्याशिवाय शाळा कशी चालेल?" म्हणाला. नाही म्हणायचं ठरवून त्याच्या खोलीत गेले आणि हो म्हणून बाहेर आले. वाटेत दोघांनी अभिनंदनही केलं.

तू तळ्याकाठच्या त्या प्रयोगशाळेतून फोन करतेस, पाण्यातल्या शेवाळाबद्दल सांगत सुटतेस, तेव्हा मला त्यातलं निम्मं कळत नाही. पण मी गॅस बंद करून ऐकते. मागच्या वेळी मात्र तू शेवाळाचं बोललीच नाहीस. "आई, तू एकटी किती दिवस राहणार?" एवढंच विचारत राहिलीस.

काल मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. फोनवरच्या मुलाखतींनंतर दोघी उरल्यात, तू आणि बाहेरगावची एक मुलगी. "दोघीही हुशार आहेत. बाई, तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. खरं तर त्याला माझ्या तोंडून फक्त हो ऐकायचं होतं. मी म्हटलं, "दुसरीला घ्या." तो उठून उभाच राहिला. स्वतःच्या लेकीसाठीही शब्द टाकत नाहीत, असं म्हणून माझं कौतुक करायला लागला. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. नळावर जाऊन तोंड धुतलं आणि तासाला गेले. चिऊ, तुला नकाराचं कळेल, तेव्हा तुझं काही कमी पडलं असं समजू नकोस. तो नकार माझा आहे. रागाव, महिनाभर बोलू नकोस, पण येऊ नकोस. त्याच्या खोलीत उभी असताना मला तू घरात दिसलीस, संध्याकाळी समोर बसून वह्या तपासताना. इतकं बरं वाटलं मला, की मी घाबरले आणि पटकन बोलून मोकळी झाले.

तुझीच,
आई