जागेवर ठेवलेली पुस्तकं

प्रिय ताईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

शाळेच्या वाचनालयात सिस्टर पुस्तकं जागेवर ठेवायला लावायच्या आणि तू माझंही ठेवायचीस, आठवतं? इथल्या ग्रंथालयात त्याच चांगल्या सवयीने घोळ झालाय. टेबलावर राहिलेली पुस्तकं तेवढी वाचली गेली, असं संगणकात नोंदतात. वाचून जागेवर ठेवलेली कोणी उघडलीच नाहीत, असं धरून ती आता रद्दीत जाणार.

माझं संशोधन नेमकं या न मोजलेल्या वाचनावरच आहे. ग्रंथपाल म्हणाले, "बाई, महिनाअखेरीस ट्रक येणार. काय सिद्ध करायचं ते त्याआधी करा." म्हणून दिवसभर कपाटांमधून येरझाऱ्या घालते, कोण काय उघडतं ते टिपते. वाचकांना वाटतं, बाईंचं काहीतरी हरवलंय!

जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

तुझ्या ऑपरेशनला येते म्हणाले होते, पण आता निघाले तर ती पुस्तकं गेलीच. रागाव, पण फोन उचल.

शेजारच्या खोलीतली बाई तिकडे येतेय, तिच्याबरोबर सामान पाठवतेय. निळी शाल तुला, चष्म्याची दोरी भाऊजींना, रंगीत खडू नातीला. आणि दवाखान्यात माझ्याऐवजी तुझ्या सोबतीला जी झोपेल, तिला माझी उशी दे.

तुझीच,
धाकटी