गाडीत बसून बोलू

खोपट, ठाणे
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय महेंद्र,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर बोलता येत नाही. खोली एकच, आणि माझा फोन संध्याकाळभर आईच्या हातात असतो. ती भीमगीतं ऐकते, तुझ्या उर्वीचे फोटो मोठे करून बघते, आणि मेसेज आला की वाचून दाखव म्हणते. म्हणून कामावर, ग्रंथालयात, डबा खाऊन झाल्यावर लिहिते आहे. उत्तर ग्रंथालयाच्या पत्त्यावरच पाठव.

आमचं सामान लागलं. कळव्याची चाळ पाडायला घेतली असं कळलं; मी बघायला गेले नाही. बिल्डर तीन वर्षांत नवी इमारत देईन म्हणतो. आई म्हणते, तोवर मीच नवीन होऊन येते. ही भाड्याची खोली पहिल्या मजल्यावर आहे, एसटी डेपोच्या मागे. मी कामावर असताना खालच्या रखमाबाई आईजवळ येऊन बसतात. आईला इथे आल्यापासून फिट आलेली नाही.

बाबांची गाडी नीट पोचली का? इथे ठेवायला जागा नव्हती, तू नेलीस हे बरंच केलंस. निघताना तू म्हणालास की ताई, तुझ्या डोक्यावरचं ओझं गेलं. टेम्पोवाला घाई करत होता, म्हणून मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा झाला, आईशी बोलणं झालं, आणि मी सवयीने माझ्याकडची दुसरी किल्ली घेऊन खाली गेले. खाली लोकांच्या स्कूटर होत्या. थोडा वेळ उभी राहिले आणि वर आले. आईने विचारलं, एवढ्यात कशी आलीस.

संचिताला आणि तिच्या आईंना जयभीम. लोभ आहे, तो तसाच असू दे.

तुझी
ताई

मानपाडा, डोंबिवली पूर्व
२ मार्च २०२५

ती. स्व. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पाकीट आलं तेव्हा संचिताला वाटलं कोर्टाची नोटीस. शाळेनंतर मी पहिल्यांदाच पत्र लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

गाडी सुखरूप आहे. माझ्या नावाची पार्किंगची जागा आणि माझ्याकडे फक्त बाइक, त्यामुळे ती मावली. दोन खांबांच्या मधे, भिंतीला नाक लावून उभी आहे. सेक्रेटरीने येऊन विचारलं, चालते का. मी नाही म्हटलं. आता जिन्यात भेटला की पेशंट कसा आहे म्हणून विचारतो.

उर्वीनेही विचारलं की हा डबा आपण का ठेवलाय. मग तिला पहिल्यापासून सांगितलं. आजोबा कळव्याच्या कंपनीत मोठ्या साहेबांचे ड्रायव्हर होते, आणि कंपनी बंद पडली तेव्हा साहेबांनी फियाट त्यांनाच देऊन टाकली. आपली दहा बाय बाराची खोली, त्यात आजीला फिट यायच्या. डॉक्टर म्हणाले होते हिला टेन्शन देऊ नका, आणि आजोबांनी ते कायद्यासारखं धरलं. घरात वाईट बातमी नाही, भांडण नाही, रडणं नाही. तसलं काही असलं की ते किल्ली वाजवायचे आणि म्हणायचे, चला, गाडीत बसून बोलू. आत बसलो की आधी काचा वर. मी दहावीत नापास झालेलो ते तिथे सांगितलं. मामा वारले ते आपल्याला तिथे कळलं, आईला पावसाळा संपल्यावर. संचिताचं नावही मी पहिल्यांदा तिथेच घेतलं. उर्वी म्हणाली, म्हणजे ती तुमची मीटिंग रूम होती.

पण ताई, बाबा गेले त्याला आता इतकी वर्षं झाली. खाली एक माणूस बघून गेला. तो लग्नाच्या फोटोंसाठी जुन्या गाड्या भाड्याने देतो. भंगारात देणार नाही, रंग मारून नीट ठेवेल. मला वाटतं देऊन टाकू. तू मोकळी होशील. हो म्हण.

आईची काळजी घे, स्वतःचीही घे. लोभ वाढला तर माझी हरकत नाही.

तुझा
महेंद्र

खोपट, ठाणे
१२ मार्च २०२५

प्रिय महेंद्र,
सप्रेम जयभीम. वि. वि.

गाडी द्यायची नाही.

तू लग्न करून डोंबिवलीला गेलास आणि तुझं तिथलं बोलणं संपलं. माझं चालू राहिलं. मागच्या सीटवर बसून मी बी. ए. केलं, कारण घरात दिवा लवकर मालवायचा असायचा. सलिलचं स्थळ आलं तेव्हा बाबांनी मला पुढे शेजारी बसवलं. गाडी जागच्या जागी उभी, पण त्यांचे हात स्टिअरिंगवर होते आणि नजर समोर. ते म्हणाले, तू गेलीस तर हिच्याजवळ कोण. मी म्हटलं, नाही जात. मग आम्ही उतरलो. आई भाकरी थापत होती.

तू म्हणशील, अशी गाडी तर आधी विकावी. मलाही काही वर्षं तसंच वाटलं. पण तिचं दार आतून लावता येतं. आईला आत फिट आली तर म्हणून बाबांनी न्हाणीची कडी काढून टाकली होती, आठवतं? या खोलीत आल्यावर मीही पहिलं काम तेच केलं. मी आता सत्तावन्न वर्षांची आहे. आतून लावून घ्यावं असं दुसरं दार माझ्याकडे नाही. तिथे मी काही करत नाही. रडतही नाही, आता वय गेलं त्याचं. नुसती बसते.

गल्लीच्या टोकाला रेशन दुकानाची भिंत आहे. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, लावा, भिंत रिकामीच आहे. तेव्हा गाडी घेऊन ये. टेम्पोचं मी बघते.

फोटोवाल्याला नाही म्हणून सांग. नवरा-नवरीला दुसरीकडे बसव. लोभ असावा, आणि गाडी लवकर यावी.

ताई

मानपाडा, डोंबिवली पूर्व
२८ मार्च २०२५

ती. स्व. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

उशीर झाला, कंपनीत वर्षअखेरीची गडबड चालू आहे. फोटोवाल्याला नाही सांगितलं. सलिलचं मला काहीच माहीत नव्हतं. पत्र दोनदा वाचलं.

गाडी लगेच पाठवता येईल असं दिसत नाही. मागचे दोन्ही टायर बसलेत. टेम्पोवाला एप्रिलचं बोलतोय. शिवाय रेशन दुकानाची भिंत म्हणजे उघड्यावर. ऊन, धूळ, पोरांचे क्रिकेटचे बॉल. इथे ती सावलीत आहे. मी रोज बघतो. काचांची रबरं कडक झालेली, ती बदलली. उंदीर शिरू नयेत म्हणून आत डांबरगोळ्या ठेवल्यात. एवढं केल्यावर लगेच हलवणं मला बरं वाटत नाही. पावसाळ्यानंतर बघू.

आईला सांग, उर्वीचा पगार वाढला. घरून काम करते, त्यामुळे हॉलमध्ये आम्ही सगळे दिवसभर मुके. सासूबाई टीव्हीसुद्धा बिनआवाजाचा बघतात. रागावू नकोस. लोभ धरून राहा.

महेंद्र

खोपट, ठाणे
१७ एप्रिल २०२५

प्रिय महेंद्र,
सप्रेम जयभीम. वि. वि.

जयंतीला संध्याकाळी मी तुमच्याकडे आले होते, हे संचिताने सांगितलंच असेल. न कळवता आले, कारण टायर बघायचे होते. टायरमध्ये हवा आहे.

संचिता म्हणाली, हे खाली असतील, शिफ्टवरून आले की हल्ली बॅटरी चेक करायला जातात. ती हसत होती. बॅटरी बाबा असतानाच काढली होती हे तिला मी सांगितलं नाही. खाली आले तर तू पुढच्या सीटवर होतास. काचा वर, हात स्टिअरिंगवर. शेजारी पाण्याची बाटली आणि उशी. तू झोपला नव्हतास, पण मला बघितलंही नाहीस. मी काचेवर टकटक केली नाही. रिक्षा करून स्टेशनला गेले.

मी रागावलेली नाही. शपथेवर सांगते. उलट मला पहिल्यांदा कळलं की तूही कुठेतरी अडकला आहेस. दोन खोल्यांत चार माणसं, आणि बोलायचं नाही.

आता माझं ऐक. माझ्याबरोबर काम करणारी शीला बुद्धपौर्णिमेनंतर मुलाकडे बंगळूरला जाते आहे, वर्षभरासाठी. कल्याणला तिची एक खोली आहे. बंद घर खराब होतं, म्हणून मी येऊन राहावं असं ती म्हणते. तिला भाडं नको, फक्त तुळस जगवायची आहे. मी हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. आयुष्यात एकदा मला सकाळी उठून कुणाकडे न बघता चहा करायचा आहे. एक वर्ष. मग मी परत येईन, हे तुलाही माहीत आहे.

तेव्हा असं करू. गाडी तुझ्याकडेच राहू दे, मी पुन्हा मागणार नाही. पण आई वर्षभर तुझ्याकडे येऊ दे. जो आईजवळ राहील त्याला गाडी लागते. आपल्याकडे पहिल्यापासून हे असंच आहे.

शीलाला दहा मेपर्यंत सांगायचं आहे. संचिताशी बोलून कळव. लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

ताई

मानपाडा, डोंबिवली पूर्व
२६ एप्रिल २०२५

ती. स्व. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तीन वेळा लिहून फाडलं. टायरचं खोटं होतं. मी रोज तासभर बसतो. सुरुवातीला खरंच धूळ पुसायला गेलेलो. दार लावल्यावर एकदम कानात शांत झालं, आणि मला उतरावंसं वाटेना. बाबा समोर बघत का बोलायचे ते तिथे बसल्यावर कळतं. समोर नुसती भिंत आहे.

आईचं जमणार नाही, ताई. सासूबाई हॉलमध्ये झोपतात. उर्वीचं टेबल स्वयंपाकघराच्या दारात. आईला फिट आली आणि घरात एकट्या सासूबाई असल्या, तर दोघींना कोण उचलणार? संचिता नाही म्हणाली नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मला तिच्यावर दबाव आणायचा नाही. मी वाईट मुलगा आहे असं तुला वाटेल. मलाही तसं वाटतं, पण त्याने खोली मोठी होत नाही.

आई मी ठेवत नाही तर गाडीही ठेवणार नाही. ती माझ्या हक्काची नाही. बुधवारी टेम्पो ठरवलाय. दुकानदाराला कळव. डांबरगोळ्या काढल्यात, उशी तुझ्यासाठी राहू देतो.

शीलाताईंना काय सांगायचं ते तू ठरव. आईला यातलं काही कळू देऊ नकोस, तिला उगाच टेन्शन. लोभ उरला असेल तर असू दे.

तुझा
महेंद्र

खोपट, ठाणे
३ मे २०२५

प्रिय महेंद्र,
सप्रेम जयभीम. वि. वि.

गाडी बुधवारी आली. तुझं पत्र त्याच दुपारी मिळालं होतं. वाचून घडी घातली, उरलेलं काम केलं. संध्याकाळी किल्ली घेऊन निघाले, तर आईने पदर खोचला आणि म्हणाली, मला खाली ने.

तिने गाडी येताना खिडकीतून बघितली होती. मी म्हटलं, तुझे गुडघे, जिना. ती म्हणाली, गुडघे माझे आहेत. रखमाबाईंनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. भिंतीपर्यंत यायला तिला चार वेळा थांबावं लागलं. मागचं दार उघडून ती बसली, आणि मला म्हणाली, तू पुढे बस, काच वर कर. दवाखान्यात नेताना सोडलं, तर ती त्या गाडीत कधी बसली होती, हे मी आठवत राहिले. मला आठवलं नाही. तुला आठवतं का?

मग ती बोलली. म्हणाली, घरात असले तरी गाडीचं दार लागल्याचा आवाज यायचा, आणि कळायचं की काहीतरी ठरतंय. मामा गेल्याचं तिला त्याच दिवशी कळलं होतं, कारण बाबा गाडीतून उतरून आधी नळावर तोंड धुवायला गेले. ती पावसाळाभर गप्प राहिली. तिला कळलंय हे आपल्याला कळलं तर आपण घाबरू, म्हणून. भावासाठी ती रडली ती चाळीतले लोक कामाला गेल्यावर. सलिलचंही तिला ठाऊक होतं. त्या दिवशी तिने भाकऱ्या जास्त केल्या होत्या, पाहुणे येतील म्हणून. मी उतरून आले तो चेहरा बघितला आणि पीठ झाकून ठेवलं. मला विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण या घरात विचारायची जागा घराबाहेर होती आणि तिला तिथे कुणी नेत नव्हतं.

मी पुढे बघत होते. मागे वळले नाही.

कल्याणचं तिला माहीत आहे. कसं ते मी विचारलं नाही. तुझं काय उत्तर आलं तेही तिने ओळखलं, कारण तिने विचारलं, मुलगा नाही म्हणाला ना. ती म्हणाली, नाही म्हणायला हरकत नाही, त्याच्या घरात जागा नाही हे मला दिसतं, पण माझ्याबद्दलचं ‘नाही’ मला कुणीतरी तोंडावर सांगावं. मी काही मरत नाही. फिट आली तर गोळी पदराला बांधलेली आहे.

तर तिने असं ठरवलं आहे. रविवारी, अकरा तारखेला, सकाळी ती खाली उतरून गाडीत बसणार. तू यायचं, पुढे बसायचं, आणि जे काय असेल ते तिला सांगायचं. तिलाही तुला काही सांगायचं आहे, ते तिने मला सांगितलं नाही. संचिता आली तर तिलाही जागा आहे. शीलाला मी दहाऐवजी बारापर्यंत थांबायला सांगितलं आहे, ती थांबते म्हणाली.

मला आईने वर राहायला सांगितलं आहे. मी खिडकीत उभी राहणार नाही. चहा करून घेईन आणि बसेन. तुमचं काय ठरतं ते मला कळवायची घाई करू नका. दार लागलं की ऐकू येतं, म्हणते ती.

येताना लोभ बरोबर आण.

तुझी
ताई