एक जुलैची नोंद

मी, धरमसिंग लखीराम आडे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार बोरी अरबजवळचा तांडा, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे एकोणसत्तर (खरे वय माझ्या आईलाच ठाऊक होते), हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. कोणी दडपण आणलेले नाही.

१. नाल्याकाठचे तीन एकर शेत आणि राहते घर माझी पत्नी बिजलीबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, त्यानंतर नेरला दिलेली मुलगी वर्षा हिला मिळावे. शेजारचा बाबुलाल दरवर्षी धुरा, म्हणजे शेताचा बांध, हातभर आमच्याकडे सरकवतो. त्याची पोरे माझ्या शाळेत होती म्हणून मी भांडलो नाही. वर्षाने सरकारी मोजणी आणावी. मी बाबुलालला माफ केलेले नाही.

२. बँकेत जे असेल ते बिजलीबाईचे.

३. पुस्तके आणि पितळी घंटा तांड्याच्या शाळेला द्यावी. भिंतीवरची ‘आदर्श शिक्षक’ ही पाटी मात्र काढून टाकावी. माझ्या तेराव्याला कोणी भाषण करू नये.

४. बादलची मोटारसायकल भंगारात द्यावी. बादल माझा मुलगा. २२ मे २०१९ रोजी या गाडीच्या किल्लीवरून त्याचे आणि त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार फुलचंद याचे भांडण झाले. फुलचंदने कुऱ्हाड घातली. दारव्ह्याला नेईपर्यंत बादल गेला. गाडी पोलिसांकडून सुटून आली तेव्हापासून टिनाखाली उभी आहे. किल्ली बिजलीबाईच्या पदराला बांधलेली असते. ती तिच्याकडे कोणी मागू नये.

५. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते.

आमच्या बंजारा तांड्यात वर्षभरात जन्मलेल्या पोरांचा धुंड, म्हणजे बारशासारखा विधी, होळीला करतात. २००१ च्या होळीला दोनच पोरे होती, बादल आणि फुलचंद. दोघांत आठ दिवसांचे अंतर. दोघांच्या धुंडाचे जेवण मी जेवलो आहे. जून २००७ मध्ये दोघांची नावे मीच पहिलीच्या रजिस्टरात घातली. फुलचंदची आई म्हणाली, “संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झाला गुरुजी, लिहून घेजा.” त्या दिवशी लहानमोठी मिळून अकरा पोरे दाखल व्हायची होती आणि मला बस धरायची होती. बादलची तारीख मी बरोबर लिहिली, ७ जानेवारी २००१. बाकी दहा जणांना सरसकट १ जुलै २००१ लावून टाकली. तेव्हा पुष्कळ गुरुजी असेच करत. माझ्या स्वतःच्या दाखल्यावरही एक जुलैच आहे.

त्या नोंदीमुळे घटनेच्या दिवशी कायद्यापुढे बादल अठराचा सज्ञान ठरला आणि फुलचंद सतराचा बालक. बाल न्याय मंडळाने मला रजिस्टर घेऊन बोलावले. विचारले, “ही नोंद बरोबर आहे का?” मी म्हणालो, “बरोबर आहे.” फुलचंदला मोठ्यांच्या कोर्टात न पाठवता तीन वर्षे विशेष गृहात ठेवले.

घरी आल्यावर बिजलीबाई म्हणाली, “दोघायचा धुंड एकाच होळीले झाला. तुमी खोटं काहून बोलले?” मी म्हणालो, मला त्या पोराची दया आली. तेही खोटेच होते. मला भीती वाटली. एक तारीख खोटी निघाली असती तर बाकीच्या तारखाही तपासल्या असत्या, त्या दाखल्यांवर पुढे गेलेल्या पोरांमागे चौकशी लागली असती. हेही सांगायला बरे वाटते म्हणून सांगतो. खरे म्हणजे मला माझे नाव सांभाळायचे होते. ती म्हणाली, “आपल्या हातानं खरं लिहून द्या, मंग बोलीन.” तेव्हापासून मला दोन वेळची भाकर मिळते, शब्द मिळत नाही.

फाशीसाठी मोर्चा काढणारेही माझ्या ओसरीवर चहा पिऊन गेले, आणि लेकरू होतं, चुकलं, म्हणणारेही. दोघांचेही ऐकून मी थकलो. तीन वर्षे कमी की पुरेशी, मला सांगता येत नाही. अठराची रेघ कुठेतरी ओढावी लागते हे मला समजते. माझ्या घरात ती मी ओढली, बस चुकू नये म्हणून.

तरी मी लिहून देतो: फुलचंद गुलाबसिंग राठोड याचा जन्म १५ जानेवारी २००१ चा आहे. मी मंडळापुढे खोटे बोललो.

६. या कागदाची एक प्रत आजच बिजलीबाईच्या हाती देत आहे. तिने ती कोर्टात न्यावी किंवा चुलीत घालावी. वकील म्हणतात, प्रकरण पुन्हा उघडेलही, नाहीही. फुलचंद आता बोरी अरबला पंक्चर काढतो, त्याला एक मुलगी आहे, हे तिला माहीत आहे. मी काही सुचवत नाही. मागच्या वेळी तिला न विचारता मी ठरवले, तेवढे पुरे झाले.

सहीपूर्वीची भर: ज्याच्याविषयी लिहिले त्याला कळल्याशिवाय सही करू नये असे वाटले, म्हणून फुलचंदला बोलावले. तो अंगणातच उभा राहिला. मी पाचवे कलम वाचून दाखवले. त्याने विचारले, “हे कोर्टात गेलं तं मले पुन्हा नेतीन काय?” मी म्हणालो, “नेतीलही.” त्याने टिनाखालच्या गाडीकडे पाहिले. मग वर आला, म्हणाला, “साक्षीदाराची सही मी करतो.” पेन हातात घेऊन अडला. “दाखल्यावर तेवीस हाय, गुरुजी. वय काय लिहू?”

दारातून बिजलीबाई बोलली, “तुह्या मायनं सांगतलं होतं ते लिही.”

लिहून देणार: धरमसिंग लखीराम आडे (सही)

वरील सही आमच्यासमोर झाली:

१. विमल बापूजी गावंडे, वय ६१, निवृत्त शिक्षिका, दारव्हा (सही)

२. फुलचंद गुलाबसिंग राठोड, वय २४, पंक्चर दुकान, बोरी अरब (सही)

ठिकाण: राहत्या घराची ओसरी, तांडा, बोरी अरबजवळ
दिनांक: १० एप्रिल २०२५